‘कुणी सुचवलं’चा रकाना

मी चौथी शिकलेला माणूस. तीसुद्धा अशी, की परीक्षेच्या दिवशी गुरुजी तापानं पडले होते आणि सगळा वर्ग तसाच वर ढकलला. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं मी इंजिनिअरिंग कॉलेजातल्या अभ्यासाबद्दल बोलणार आहे, आणि वाचणाऱ्याला वाटायला नको की हा कोण मोठा लागून गेला.

नोकरीबद्दल लिहा, असं हा अंक काढणाऱ्या बाईंनी सांगितलं. कधी लागलो, कधी कायम झालो, कुठल्या साहेबानंतर कुठला साहेब आला, ते सगळं माझ्या सर्व्हिस बुकात आहे, तिथून वाचा. मला एकच गोष्ट सांगायची आहे आणि ती सांगायला उशीर झाला आहे. कॉलेजातल्या एका उत्तरावर कित्येक वर्षं माझं नाव होतं. उत्तर माझं नव्हतं. आमच्या मंडळींचं होतं, अनुसयाचं. ती गेल्या थंडीत गेली.

आधी काम काय होतं ते सांगतो. कुसगावच्या अंगाला एक कॉलेज आहे, तिथल्या कॉम्प्युटर लॅबचा मी अटेंडंट. मुलं मामा म्हणायची. सगळ्याच कॉलेजांत शिपायाला मामा म्हणतात, त्यात माझं वेगळं कौतुक नाही. घर वडिवळ्याला, कामशेतच्या आत. तिथून सकाळी यायचं, मेन स्विच टाकायचा, मुलांचे बूट बाहेर रांगेत लावून घ्यायचे, रजिस्टरवर सह्या घ्यायच्या, कुणाच्या पायानं वायर उपटली तर परत खोचायची. बाहेरच्याला वाटतं यात काय आहे. त्यानं लोणावळ्याच्या पावसाळ्यात एक लॅब सांभाळून दाखवावी. धुकं खिडकीतून आत येतं आणि मुलांच्या शेजारी बसतं. की-बोर्डवर बुरशी धरते. मी मुलांच्या आधी तासभर येऊन सगळ्या मशिनी नुसत्या चालू करून ठेवायचो, म्हणजे आतली ओल उडून जाते. हे कुठल्या पुस्तकात नाही. बियाण्याचं भात दमट झालं की त्याला ऊन दाखवतात, त्यातलंच हे.

मग कुलथे मॅडम आल्या. अंगानं बारीक, आवाज त्याहून बारीक. पहिल्याच तासाला मुलांना म्हणाल्या, "मी फळ्यावर शिकवणार नाही. पुस्तक तुमच्याकडे आहे, धड्याच्या शेवटी उदाहरणं आहेत. चार-चार जणांनी बसायचं आणि सोडवायची. अडलात तर आधी एकमेकांना विचारा, मग पुस्तकाला, मग मला."

मला वाटलं बाई कामचुकार आहे. तसं मी घरी बोललोही.

पण त्यांचे नियम बघा. टेबलावर पेन एकच. ज्याला येतं त्यानं पेनाला हात लावायचा नाही, ज्याला येत नाही त्यानं लिहायचं. म्हणजे येणाऱ्याला तोंडानं सांगावंच लागतं आणि न येणाऱ्याला ऐकावंच लागतं. पहिल्या आठवड्यात सगळी पेनं गायब झाली, तेव्हा मी प्रत्येक पेन सुतळीनं टेबलाला बांधलं. कागद लिहून झाला की स्टीलच्या डब्यातून चिठ्ठी निघायची. जिचं किंवा ज्याचं नाव निघेल त्यानं उभं राहून समजावून सांगायचं, आणि त्याला मिळतील तेवढेच मार्क चौघांना. हुशार पोरांची काय तारांबळ उडायची. एरवी जी कुणाला वही दाखवायची नाहीत, ती शेजारच्याच्या हातापाया पडायची, बाबा समजून घे.

आणि कागदाच्या उजव्या अंगाला एक रकाना असायचा, ‘कुणी सुचवलं’. उत्तर ज्याच्या डोक्यातून निघालं त्याचं नाव तिथं लिहायचं. तो वर्गातला नसला तरी लिहायचं. मोठा भाऊ असो, हॉस्टेलचा सिनिअर असो. मॅडम म्हणायच्या, "मदत घेण्यात कमीपणा नाही. नाव न लिहिण्यात आहे." त्यांचं हे बोलणं मी शेकडो वेळा ऐकलं असेल.

एकदा तळेगावहून एका मुलीचे वडील तणतणत आले. "माझी मुलगी इथे शिकायला येते की शिकवायला? मॅडम नुसत्या बसून असतात म्हणे." मॅडम प्राचार्यांकडं गेल्या होत्या. मी त्या गृहस्थांना पाणी दिलं आणि जागा नव्हती म्हणून मुलीच्याच टेबलाशी खुर्ची दिली. दहा मिनिटांनी बघतो तर सुतळीचं पेन त्यांच्या हातात. टेबलावर सगळ्यात कमी त्यांनाच येत होतं, म्हणून मुलीनं नियमाप्रमाणे त्यांना लिहायला बसवलं होतं. घाम पुसत म्हणत होते, "जरा हळू सांग ना." तक्रार राहिली बाजूला. जाताना मला म्हणाले, "मामा, बाई फार कडक आहेत हो."

चिठ्ठीच्या आधीची एक पायरी मागून आली आणि ती माझ्यामुळं. मॅडमच्या लक्षात आलं की मुलं आपापसात नुसत्या माना डोलावतात. तिघं डोलावतात म्हणून चौथाही डोलावतो. मी तिथंच की-बोर्ड पुसत होतो. मॅडम म्हणाल्या, "मामा, या टीमचं ऐका. कळलं तर कळलं म्हणा, नाही तर नाही म्हणा. भीड ठेवू नका."

भीड माझ्यापाशी तशीही नव्हती. मी ऐकलं आणि म्हणालो, "न्हाई कळलं." मुलं परत बसली, परत पुस्तक उघडलं, आणि त्यांना त्यांचीच चूक सापडली. तेव्हापासून माझी सही असल्याशिवाय मॅडम कागद घेईनात.

तुम्हाला यातलं काय वाटतं मला माहीत नाही, पण मला काय मिळालं ते सांगतो. जन्मभर मला न कळण्याची लाज वाटत आली होती. तलाठ्यापुढं, बँकेत, दवाखान्यात मान हलवायची आणि बाहेर येऊन दुसऱ्याला विचारायचं, काय म्हणाला रे तो. आणि इथं माझ्या ‘न्हाई कळलं’साठी शिकली-सवरली मुलं रांग लावून उभी. त्या बाईंचे उपकार माझ्याच्यानं फिटायचे नाहीत.

आता मूळ गोष्ट. एका टीममध्ये ओंकार होता, तळेगावचा, बोलायला लागला की थांबायचा नाही. त्याच टेबलावर दीपाली, शिरगावची, तिच्या तोंडातून शब्द निघायचा नाही. बाकीचे दोघं यांच्या मधले. त्यांना उदाहरण आलं रिकर्शनचं. म्हणजे काय, तर प्रोग्राम काम करता करता स्वतःलाच हाक मारतो. एकपासून शंभरपर्यंत बेरीज पाहिजे, तर तो म्हणतो, मला नव्याण्णवपर्यंतची आणून द्या, मी तिच्यात शंभर मिळवतो. नव्याण्णवपर्यंतची कोण आणणार? तोच. तो म्हणतो, मला अठ्ठ्याण्णवपर्यंतची द्या.

ओंकारनं तीनदा सांगितलं. मी तीनदा म्हणालो, न्हाई कळलं.

"मामा, यात न कळण्यासारखं काय आहे? तो स्वतःलाच विचारतो."

"सोताला येत असतं तर इचारलं कशाला असतं?"

बाजूची टेबलं हसली. त्यात त्यांचा प्रोग्रामही चालेना. चालू केला की मशीन थोडा वेळ गप्प बसायचं आणि मग लाल अक्षरांत काहीतरी ओकायचं. मी सही केली नाही. शुक्रवारी या म्हणालो.

त्याआधीच्या रविवारी आम्ही दोघं खाचरात होतो. मावळात डोंगराच्या उतारावर पायऱ्या-पायऱ्यांनी भाताचे तुकडे असतात, त्यांना खाचर म्हणतात. आमची सात आहेत. मी बांधाला माती लावत होतो आणि ती पाण्यात वाकून गवत काढत होती. कॉलेजात काय झालं ते तिला सांगायची मला सवय. ती शाळेची पायरी चढली नव्हती, पण मधूनमधून नुसतं "मग?" विचारायची. तिच्या ‘मग’ला उत्तर देता आलं तरच मला कळलं, असं मी धरायचो. त्या दिवशी मी सांगितलं, शंभरवाला नव्याण्णववाल्याला मागतो, तो अठ्ठ्याण्णववाल्याला मागतो, आणि पोरांचं गाडं तिथंच अडलंय.

ती वाकलेलीच म्हणाली, "म्हंजी आपली खाचरंच की."

"ती कशी?"

"ह्या खालच्याला पानी पायजे. ते कुनाला मागतं? वरच्याला. त्याच्याकडं तरी असतंय व्हय? ते त्याच्या वरच्याला मागतं. असं पार वरपातूर. वरलं भरलं की मग एकेक करत पानी खाली येतं."

मी फावडं ठेवून बांधावर बसलो. ती सरळ झाली, कमरेवर हात ठेवला आणि वर डोंगराकडं बघितलं.

"पर अवं, आपलं वरलं खाचर ओढ्याला लागून हाय म्हनून बरं. ते कुनाला मागत न्हाई. ओढाच नसता तर काय, मागत मागत डोंगर चढायचा? त्या पोरांचा ओढा कुटं हाय?"

आणि पुन्हा गवताला लागली.

शुक्रवारी मी टेबलापाशी गेलो आणि खाचरांचं सगळं सांगितलं. शेवटी म्हणालो, "वरच्या खाचराला ओढा लागतो. तुमचा ओढा कुटं हाय?" दीपालीनं कागद आपल्याकडं ओढला आणि एका जागी बोट ठेवलं. एकावर आलं की थांबायचं, एकाची बेरीज एकच, तिथं कुणाला विचारायचं नाही, ही ओळ त्यांनी लिहिलीच नव्हती. प्रोग्राम एकाच्या खाली शून्याला, शून्याच्या खाली उण्याला, असा विचारत सुटला होता. ओळ टाकली आणि मशीननं पापणी लवायच्या आत पाच हजार पन्नास दाखवलं.

मॅडमनी माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं. सगळ्या टेबलांना बोलावलं. ज्याच्या हातात पेन होतं त्यानं विचारलं, "मॅडम, रकान्यात काय लिहू?"

"मामांचं नाव लिही."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्यासाठी त्याआधी कुणी टाळी वाजवली नव्हती. मला तोंड होतं, जीभ होती, म्हणायचं होतं की आमच्या घरच्यांनी सांगितलंय. म्हणालो नाही. पुढच्या वर्षापासून मॅडम प्रत्येक बॅचला ‘मामांचं खाचर’ सांगायला लागल्या.

त्याच मुलांची आणखी एक गोष्ट आहे. मी टेबलांच्या मागून फिरायचो, त्यामुळं समोरून न दिसणारं मला दिसायचं. दीपाली वहीच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं उत्तर काढायची, वही ओंकारकडं सरकवायची, ओंकार ते मोठ्यानं सांगायचा आणि रकान्यात ओंकारचं नाव पडायचं. माझं खाचर सोडलं तर सगळ्या कागदांवर ओंकार. एके दिवशी मी सही करीना.

"काय झालं मामा? कळलं नाही?"

"कळलं. पर हे तुजं न्हाई."

"मामा, आमची टीम आहे. टीममध्ये तुझं-माझं नसतं."

"मग समद्या कागदांवर तुजंच नाव कसं येतं?"

दीपाली खाली मान घालून म्हणाली, "राहू दे ना मामा. मला काही फरक पडत नाही."

"तुला पडत न्हाई म्हनून तर ह्याला सवय लागलीय."

ओंकारचे कान लाल झाले. पण पोरगं वाईट नव्हतं. पेन घेतलं, नियम मोडूनच घेतलं, आणि जुने कागद मागवून जिथं जिथं तिचं होतं तिथं आपलं नाव खोडून तिचं घातलं. पुढं चिठ्ठीत दीपालीचं नाव निघालं तेव्हा तिचा आवाज मी पहिल्यांदा नीट ऐकला. चांगला खणखणीत होता.

घरी जाऊन मी हे सगळं रंगवून सांगितलं. अनुसया सुपात तांदूळ निवडत होती. शेवटपर्यंत ऐकलं. "ब्येस केलं," म्हणाली. दोन खडे काढून बाजूला टाकले.

"आन खाचराचं?"

"उंद्या सांगतो मॅडमला."

"ऱ्हाऊ द्या. मला काय करायचंय त्याचं."

हे दीपालीचंच बोलणं, हे मला तेव्हाच कळलं. कळलं नाही म्हणालो तर ते आणखी एक खोटं होईल. तरी मी उद्या सांगितलं नाही आणि परवाही नाही. आठवडा गेला की सांगायला लाज वाटते. वर्ष गेलं की सगळे तेच खरं धरून चालतात, आणि आपणही त्यांच्यात सामील होतो.

माझ्या निरोप समारंभाला तिला पहिल्या रांगेत बसवलं होतं. हिरवं जरीकाठी लुगडं नेसली होती. मॅडम बोलायला उठल्या आणि अर्थातच खाचर सांगितलं. फळ्यावर सात पायऱ्या काढल्या, वर ओढा काढला. ती डोळे बारीक करून बघत होती. तिच्याच शेताचं चित्र, तिचीच गोष्ट. मग सगळ्यांबरोबर तिनंही टाळ्या वाजवल्या. माइक माझ्या हातात आला. मी वॉचमनपासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांचे आभार मानले. कॅन्टीनवाल्यालासुद्धा सोडलं नाही. तिचं नाव घेतलं नाही.

येताना एसटीत मी वाट बघत होतो, आता बोलेल, मग बोलेल. कामशेतचा स्टँड आला तेव्हा म्हणाली, "तुमच्या बाईनं चुकीचं काडलंय. आपलं तिसरं खाचर चौथ्याहून मोटं हाय." एवढंच.

गेल्या थंडीत तिला दम लागायला लागला. कफ असेल म्हणून काढा दिला. दवाखान्यात नेलं तर हृदयाचं निघालं. तिथं डॉक्टर मला बाजूला घेऊन सांगायला लागला. आधीचा मी असतो तर मान हलवून बाहेर आलो असतो. मी म्हणालो, न्हाई कळलं. त्यानं परत सांगितलं. परत म्हणालो, न्हाई कळलं. तिसऱ्यांदा त्यानं कागदावर काळीज काढून दाखवलं आणि मला स्वच्छ कळलं की ही आता घरी येत नाही. म्हणून चार दिवस मी तिच्या उशापासून हललो नाही. न कळता मान हलवली असती तर हा दाखला आण, तो अंगारा आण करत बाहेर पळत राहिलो असतो आणि ती एकटी गेली असती. ते चार दिवस मला त्या लॅबनं दिले. बाकी कॉलेजनं काय दिलं, काय नाही, त्याचा हिशेब मला करायचा नाही.

त्या चार दिवसांत खाचराचं बोलायचं होतं. तिच्या तोंडावर मास्क होता. मनात म्हणालो, आता ते काय काढायचं. चुकलं माझं.

तेराव्यानंतर दीपाली भेटायला आली. आता ती त्याच लॅबमध्ये शिकवते. कुलथे मॅडम निवृत्त होऊन मुलाकडं राहायला गेल्या. दीपालीनं मला बरं वाटावं म्हणून पिशवीतून छापलेली वही काढली. इतक्या वर्षांतली चांगली चांगली उदाहरणं तिनं मुलांसाठी एकत्र केली होती.

"मामा, हे बघा. तुमचं खाचर छापलंय."

पानावर सात पायऱ्या होत्या आणि खाली ‘कुणी सुचवलं : मामा’.

"दीपाली, हे माजं न्हाई," मी म्हणालो, आणि बांधावरच्या रविवारपासून एसटीपर्यंत सगळं सांगितलं. शेवटी मी म्हणालो, "ओंकारला तोंड वर करून बोललो व्हतो मी. आता तू मला बोल."

"मी काय बोलू, मामा. तुम्ही तेव्हा सही अडवली नसतीत तर मी अजून पेन्सिलीनंच लिहीत असते."

मग पर्समधून पेन काढून माझ्यापुढं धरलं.

"तूच लिही. माजं अक्षर कसं हाय तुला ठावं हाय."

"ज्याला येतं त्यानं पेनाला हात लावायचा नाही," ती म्हणाली.

मला किती वेळ लागला ते विचारू नका. ‘मामा’ खोडलं आणि अनुसयाचं नाव लिहिलं. संसार केला इतकी वर्षं, पण फॉर्मबिर्म सोडले तर तिचं नाव मी कधी हातानं लिहिलं नव्हतं. वही परत देताना म्हणालो, "आन तिसरं खाचर चौथ्याहून मोटं काड."

दीपालीनं तिथूनच कुलथे मॅडमना फोन लावून दिला. त्यांनाही सांगितलं. मग म्हणाल्या, "मामा, त्या पहिल्या रांगेत बसल्या होत्या हो. माझ्या समोर." मी म्हणालो, व्हय. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता मंगळवारी मी लॅबमध्ये जातो. स्विच टाकायला नवा माणूस आहे. दीपाली मॅडमनी मला बोलावलं, समजून घ्यायला बाहेरचा माणूस लागतो म्हणून. मुलं खुर्ची देतात, चहा देतात, मी ऐकतो. फक्त घरी गेल्यावर सांगायला कुणी नाही, ‘मग?’ म्हणणारं कुणी नाही, त्यामुळं मला खरंच कळलं की नाही याची पहिल्यासारखी खात्री वाटत नाही.

परवाच्या मंगळवारी नवी टीम होती. चष्म्याची एक मुलगी, पनवेलकडची, मला ओळखत नव्हती. तिनं कागद माझ्यापुढं ठेवला. "आजोबा, हे अनुसयाबाईंचं खाचर. बघा, खालच्याला पाणी हवंय, ते वरच्याकडे मागतं." बोट ठेवत ठेवत तिनं मला वरच्या ओढ्यापर्यंत नेलं आणि तिथून पाणी एकेक पायरी खाली आणून दाखवलं. तिसरं खाचर मोठं होतं.

मी विचारलं, "ही अनुसयाबाई कोन?"

शेजारचा मुलगा म्हणाला, "कुणी जुन्या प्रोफेसर असतील."

मुलगी म्हणाली, "माहीत नाही आजोबा. पण रकान्यात नाव आहे म्हणजे त्यांनीच सुचवलं असणार. इथे दुसऱ्याचं नाव चालत नाही."

मी म्हणालो, "कळलं." आणि सही केली.